नालायकांची यादी

मोठ्या माणसांच्या याद्या करणें हा मनुष्यजातीचा फार जुना छंद आहे. परंतु हिणकस ठरविलेल्या माणसांच्या याद्या करून त्या चवीनें वाचणें हा छंद त्या मानानें नवा दिसतो. थोर कवि कोण, पराक्रमी सेनापति कोण, श्रेष्ठ फलंदाज कोण, हे वाद आमच्या लहानपणींही घरोघर रंगत. त्यांत कितीही कडाक्याचें भांडण झालें तरी शेवटीं चार गुणी माणसांचीं नांवें कानांवर पडून गेलेलीं असत. म्हणजे वाद हरणाराही कांहीं तरी कमावूनच उठे. आतां वारें उलट फिरलें आहे. 'देशाकडून खेळलेला आजवरचा सर्वांत वाईट खेळाडू कोण?' हा प्रश्न मोठ्या हौसेनें टाकला जातो व तितक्याच हौसेनें झेलला जातो. ज्या देशांत फुटबॉलचें वेड आहे तेथें या प्रश्नाचे बळी गोलरक्षक आणि आघाडीचे खेळाडू होतात. आमच्या इकडे फुटबॉलच्या राष्ट्रीय संघांतलीं अकरा नांवें एका दमांत सांगणारा मनुष्य शोधावा लागत असल्यामुळें ही सुरी क्रिकेटपटूंच्या मानेवर फिरते. सुरी एकच, बकरा तेवढा निराळा.

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. कल्याणहून येणाऱ्या सकाळच्या लोकलमध्यें डोंबिवलीस चढणाऱ्या आमच्या नेहमींच्या मंडळींत एका गृहस्थांनीं अशी एक यादी मोठ्यानें वाचून दाखविली. गृहस्थ सुशिक्षित, सुस्वभावी, कोणाच्याही अडचणीला धांवून जाणारे. त्यांच्या मनांत कोणाविषयीं द्वेष असेल असें आम्हांला स्वप्नांतही वाटणार नाहीं. मंडळी प्रत्येक नांवाला हंसत होती. मधेंच नांव आलें नीलेश कुलकर्णी यांचें: तीन कसोटी सामने, दोन बळी, दर बळीमागें 166 धांवा! त्याबरोबर मोठा हशा पिकला. ज्या स्टेशनांतून गाडी नुकतीच सुटली होती त्याच गांवीं या खेळाडूचा जन्म झाला, हें डब्यांतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतें. आणि तरीही हशा पिकला, किंबहुना म्हणूनच थोडा अधिक पिकला. दाराजवळ पाठीवर क्रिकेटच्या सामानाची पिशवी अडकवून बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. तो मात्र हंसला नाहीं. तो ऐकत होता. हा लेख त्या यादीविरुद्ध आहे, परंतु तो लिहावासा वाटला तो त्या मुलामुळें.

प्रतिपक्षाचें म्हणणें प्रथम त्याच्या पूर्ण जोरासह मांडलें पाहिजे. अर्धवट मांडलेल्या मताचें खंडन करणें ही लबाडी आहे. यादीकारांचें म्हणणें तीन प्रकारचें असतें. पहिलें असें कीं, आंकडे कोणाची भीड धरीत नाहींत. तीन सामन्यांत दोन बळी हे दोनच बळी, त्यांचे कोणी वीस करूं शकत नाहीं. दुसरें असें कीं, राष्ट्राचा संघ ही कोणाची खाजगी मालमत्ता नव्हे. ज्यानें राष्ट्राचें चिन्ह छातीवर मिरविलें त्यानें राष्ट्राच्या टीकेलाही छाती दिली पाहिजे. नट वाईट नटला तर प्रेक्षक त्याची हुर्यो करतात, मग खेळाडूनेंच काय असें पुण्य केलें आहे? आणि तिसरें, हा सगळा विनोद आहे. सकाळीं पाऊण तास लोंबकळत जाणाऱ्या माणसानें चार घटका हंसूंही नये काय? या तिन्ही आक्षेपांना आम्ही क्रमानें उत्तर देणार आहों.

आंकड्यांचाच विचार आधीं करूं, कारण प्रतिपक्षाचा सर्व भार त्यांवर आहे. 1997 च्या ऑगस्ट महिन्यांत कोलंबो येथें भारत आणि श्रीलंका यांचा कसोटी सामना झाला. भारताचे कर्णधार सचिन तेंडुलकर होते. भारतानें 8 बाद 537 धांवांवर डाव सोडला. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस नीलेश कुलकर्णी यांच्या हातीं चेंडू आला. वय चोवीस वर्षांचें, कसोटी सामना पहिला, षटक पहिलें, आणि पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टू यांचा झेल यष्टिरक्षक नयन मोंगिया यांच्या हातांत जाऊन विसावला. भारत 1932 पासून कसोटी सामने खेळत होता. त्या पासष्ट वर्षांत प्रसन्न, बेदी, चंद्रशेखर, कपिलदेव असे एकाहून एक गोलंदाज होऊन गेले. परंतु कसोटींतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणें त्यांपैकीं कोणालाही साधलें नव्हतें. तें प्रथम साधलें एका डोंबिवलीकराला.

पुढें जें झालें तें सर्वश्रुत आहे. तिसरा दिवस गेला, चौथा दिवस गेला. सनथ जयसूर्या आणि रोशन महानामा या दोघांनीं त्या दोन संपूर्ण दिवसांत एकही बळी जाऊं दिला नाहीं. त्यांची भागी 576 धांवांची झाली. जयसूर्यांनीं 340 आणि महानामांनीं 225 धांवा केल्या, आणि श्रीलंकेचा डाव 6 बाद 952 पर्यंत जाऊन पोंचला. कसोटीच्या इतिहासांत एका डावांत एवढ्या धांवा त्यापूर्वीं कोणीं केल्या नव्हत्या, आणि त्यानंतरही कोणीं केलेल्या नाहींत.

आतां यादीकार जें वाचीत नाहींत तें वाचूं. त्या डावांत अनिल कुंबळे यांनीं 72 षटकांत 223 धांवा दिल्या आणि एक बळी मिळविला. राजेश चौहान यांनीं 78 षटकांत 276 धांवा दिल्या आणि एक बळी मिळविला. नीलेश कुलकर्णी यांनीं 70 षटकांत 195 धांवा दिल्या आणि एक बळी मिळविला. तिघांचे बळी सारखे. मग षटकामागें सर्वांत कमी धांवा कोणीं दिल्या? चौहानांनीं साडेतीनाहून अधिक, कुंबळ्यांनीं तीनाहून अधिक, आणि त्या नवख्या मुलानें पावणेतीनाहून जराशा अधिक. पुढें कसोटींत 619 बळी मिळविणारा गोलंदाज ज्या खेळपट्टीवर हतबल झाला, तेथें पहिलाच सामना खेळणारा गोलंदाज त्याच्याहून अधिक काटकसरीनें चेंडू टाकीत होता. आंकडे भीड धरीत नाहींत हें आम्हांला मान्यच आहे. आमची तक्रार एवढीच कीं, यादीकार सगळे आंकडे वाचीत नाहींत. कुलकर्णी यांनीं तीन कसोटींत मिळून 332 धांवा दिल्या. त्यांतल्या 195 या एका डावांतल्या. म्हणजे ज्या 166 या आंकड्यावर सारा डबा हंसला, त्याचा अर्ध्याहून अधिक भाग एका खेळपट्टीचा व दोन असामान्य फलंदाजांचा आहे. 1938 मध्यें ओव्हलच्या मैदानावर इंग्लंडनें 7 बाद 903 धांवा केल्या, तेव्हां ऑस्ट्रेलियाच्या फ्लीटवुड-स्मिथ यांना एका बळीसाठीं 298 धांवा मोजाव्या लागल्या होत्या. अशा दिवसांची नोंद त्या दिवसांच्या नांवें व्हावी, माणसाच्या नांवें नव्हे.

आणखी एक गोष्ट. 2001 च्या मार्च महिन्यांत स्टीव्ह वॉ यांचा ऑस्ट्रेलियन संघ भारतांत आला होता. कलकत्त्याच्या त्या अद्भुत विजयानंतर मालिकेचा निकाल चेन्नईच्या सामन्यावर येऊन ठेपला. हरभजनसिंग यांनीं त्या सामन्यांत 15 बळी घेतले हें सर्वांना आठवतें. शेवटीं 155 धांवा करतांना भारताचे गडी भराभर पडूं लागले, त्या वेळीं नाबाद 22 धांवा करून यष्टिरक्षक समीर दिघे यांनीं विजय ओढून आणला, हें थोड्यांना आठवतें. आणि त्या अकरांत साईराज बहुतुले व नीलेश कुलकर्णी होते हें जवळजवळ कोणालाच आठवत नाहीं. दिघे सहा कसोटी सामने खेळले, कुलकर्णी तीन, बहुतुले दोन. मुंबईच्या मैदानांवर घडलेले हे तिघेही कोणत्याही 'नालायकांच्या' यादींत बसूं शकतात. आणि हे तिघेही त्या शतकारंभींच्या सर्वांत बलाढ्य संघाला हरविणाऱ्या अकरांतले होते.

येथें आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. 1997 च्या त्या आठवड्यांत आम्ही तरुण होतों, अध्यापनाच्या व्यवसायांत नुकतेच शिरलों होतों, आणि प्राध्यापकांच्या खोलींत बसून कोलंबोच्या बातम्यांवर आम्हींही मनमुराद तोंडसुख घेतलें होतें. 'पहिल्या चेंडूनंतर त्यानें तसेंच घरीं यायला हवें होतें,' हा विनोद आमचाच. तो आम्हांला त्या वेळीं फार चुरचुरीत वाटला होता व मित्रांनीं त्याला दादही दिली होती. पहिला चेंडू वगळला तर त्या मुलानें त्या डावांत आणखी 419 चेंडू टाकले, आणि त्यांतल्या एकानेंही बळी दिला नाहीं. हा हिशेब आम्हीं मांडला तो कित्येक वर्षांनीं. आपण आयुष्यांत कोणतें तरी काम पाठोपाठ 419 वेळां निष्फळ होत असतां, सारा देश पाहत असतां, त्याच शिस्तीनें पुन्हां करीत राहिलों आहों काय, असें आम्हीं स्वतःला विचारून पाहिलें. आमच्या एका व्याख्यानाला विद्यार्थी जांभया देऊं लागले तर दुसऱ्या दिवशीं वर्गांत शिरतांना आमचे पाय जड होतात! तेव्हांपासून तो विनोद आम्हीं पुन्हां उच्चारलेला नाहीं.

प्रतिपक्ष म्हणेल, शितावरून भाताची परीक्षा होते. होते खरी, परंतु शीत दाबून पाहण्यापूर्वीं भात शिजूं द्यावा लागतो, हें कोणतीही गृहिणी सांगेल. 19 डिसेंबर 2020 रोजीं ॲडलेड येथें भारताचा दुसरा डाव अवघ्या 36 धांवांत आटोपला. एकाही फलंदाजाला दोन आंकडी धांवसंख्या गांठतां आली नाहीं. 'आजवरचा सर्वांत वाईट संघ' ही पदवी त्या दिवशीं मुक्तहस्तानें वाटली गेली. शून्यावर बाद होणाऱ्यांत अजिंक्य रहाणे होते. त्यांचें बालपण आमच्या डोंबिवलींत गेलें. त्यांच्या आईनें त्यांची ती जड पिशवी स्वतः उचलून त्यांना पायीं सरावाला नेलें. विराट कोहली मायदेशीं परतल्यावर संघाची धुरा याच गृहस्थांच्या खांद्यावर आली. मेलबर्नला त्यांनीं 112 धांवा केल्या व भारत जिंकला. आणि बरोबर एक महिन्यानें, 19 जानेवारी 2021 रोजीं, ब्रिस्बेन येथें भारतानें मालिकाही जिंकली. तेथें ऑस्ट्रेलियाचा संघ 1988 पासून हरला नव्हता.

त्या ब्रिस्बेनच्या सामन्यांत 67 धांवा करणारे आणि दोन डावांत मिळून 7 बळी घेणारे शार्दूल ठाकूर हे पालघरचे. पालघर 2014 पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होतें, तेव्हां आमच्या पिढीच्या हिशेबानें ते ठाणें जिल्हेकरच. त्यांचें कसोटींतलें पदार्पण 2018 च्या ऑक्टोबरांत हैदराबाद येथें झालें होतें. दहा चेंडू टाकले, जांघेचा स्नायू दुखावला, आणि ते लंगडत मैदानाबाहेर गेले. पुढची कसोटी खेळण्यास त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली. त्या मधल्या काळांत कोणीं यादी केली असती, तर 'दहा चेंडूंचा कसोटीवीर' म्हणून हें नांव तिच्या शिरोभागीं शोभलें असतें! मुंबईचे अजित आगरकर 1999-2000 च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत लागोपाठ पांच डावांत शून्यावर बाद झाले, आणि 2001 मध्यें तोच संघ मुंबईस आला तेव्हां आणखी दोनदां. त्या सात शून्यांवर किती विनोद झाले त्याची गणतीच नाहीं. 2002 मध्यें त्याच आगरकरांनीं लॉर्ड्सवर नाबाद 109 धांवा केल्या. गावसकर आणि तेंडुलकर यांना त्या मैदानावर कसोटी शतक कधींच करतां आलें नाहीं. 2003 मध्यें ॲडलेडला त्यांनीं 41 धांवांत 6 बळी घेऊन भारताच्या विजयाची वाट मोकळी केली. आणि 2023 मध्यें ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. ज्याला यादीकारांनीं नालायक ठरविलें तोच पुढें लायकी ठरविणारा झाला. याद्यांवर तारीख नसते, हा त्यांचा मोठा दोष आहे.

दुसऱ्या आक्षेपाकडे वळूं. राष्ट्राकडून खेळणाऱ्यानें टीका सोसावी हें रास्त आहे. प्रश्न असा कीं, टीका कोणावर? स्वतःला संघांत घेणारा खेळाडू अद्याप जन्मला नाहीं. त्याला कोणी तरी निवडतो. निवड चुकली असेल तर ती निवडणाऱ्याची चूक. आणि निवड बरोबर असेल तर अपयश हें खेळाचें अंग. दोन्ही बाजूंनीं पाहिलें तरी 'सर्वकालीन सर्वांत वाईट' हा शेरा खेळाडूच्या कपाळीं मारण्यास आधार सांपडत नाहीं. शिवाय, देशाकडून खेळलेल्यांत शेवटचा म्हणजे कोण? ज्या मुंबईंत एकेका मैदानावर एकाच वेळीं अनेक सामने चालतात आणि कोणत्या सामन्याचा क्षेत्ररक्षक कोणता हें त्याचें त्यालाच ठाऊक असतें, त्या मुंबईच्या संघांत डोंबिवलीहून रोज गाडीनें जाऊन जागा मिळवायची. तेथें वर्षानुवर्षें गोलंदाजी करून प्रथम श्रेणीच्या सामन्यांत साडेतीनशेंहून अधिक बळी जमवायचे. आणि मग देशाच्या अकरांत यायचें. या उतरंडीच्या शेवटच्या पायरीवर उभा असलेला मनुष्य आपल्या डोक्याहून पुष्कळ वर आहे, हें खालीं उभें राहून पाहणाऱ्याला समजूं नये काय?

ती पायरी किती उंच आहे तें ज्यांना ती गांठतां आली नाहीं त्यांना विचारावें. पद्माकर शिवलकर हेही मुंबईचेच, हेही डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनीं 589 बळी घेतले. 1972-73 च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत चेन्नईला तामिळनाडूविरुद्ध 16 धांवांत 8 आणि 18 धांवांत 5 असे 13 बळी अवघ्या 34 धांवांत मिळविले. बिशनसिंग बेदी यांच्या काळांत जन्मल्यामुळें त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाहीं, आणि 2025 मध्यें ते निवर्तले. पुण्याचे दि. ब. देवधर हे संस्कृतचे प्राध्यापक. 1926 मध्यें त्यांनीं इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. च्या संघाविरुद्ध 148 धांवा केल्या. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें 1939-40 व 1940-41 अशी दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. भारताला पहिला कसोटी सामना मिळाला त्या वर्षीं त्यांनीं चाळिशी गांठली होती, आणि कसोटीचें दार त्यांना कायमचें बंद राहिलें. शिवलकर आणि देवधर कोणत्याही 'वाईटांच्या' यादींत नाहींत. कारण त्यांना वाईट खेळण्याची संधीच मिळाली नाहीं. यादींत यायला आधीं दार उघडावें लागतें. तें ज्यानें उघडलें त्याला हंसणें आणि तें ज्याला उघडलेंच नाहीं त्याला विसरणें, ही क्रीडाभक्तीची कोणती तऱ्हा?

हा न्याय क्रिकेटपुरताच आहे असें कोणीं समजूं नये. आरंभीं ज्या फुटबॉलचा उल्लेख आला त्याचेच दाखले पाहा. 1952 मध्यें हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें युगोस्लाव्हियानें भारताचा 10-1 असा धुव्वा उडविला. आमचे कित्येक खेळाडू त्या थंडींत अनवाणी खेळत होते. याच भारतानें एकच वर्ष आधीं दिल्लीला आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें होतें, आणि चारच वर्षांनीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें चौथा क्रमांक पटकाविला. तेथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे मुंबईच्या मैदानांवरचे. दुसरा दाखला 2001 चा. अमेरिकन सामोआ या चिमुकल्या बेटांच्या संघाला ऑस्ट्रेलियानें 31-0 असें हरविलें. पासपोर्टाच्या अडचणीमुळें मूळ संघांतला एकटा गोलरक्षक निकी सलापू तेवढा खेळूं शकला. बाकीचीं बहुतेक पोरें ऐन वेळीं गोळा केलेलीं. 31 गोल खाणारा गोलरक्षक! सर्वांत वाईट कोण हा प्रश्न एवढ्या सोप्या रीतीनें सुटल्याचें दुसरें उदाहरण मिळणार नाहीं. परंतु 2011 मध्यें त्या संघानें टोंगाला 2-1 असें हरवून विजय मिळविला, तेव्हां गोलसमोर तोच सलापू उभा होता. दहा वर्षें जगाचें हंसें सोसून तो मैदानावर येत राहिला नसता, तर त्या दिवशीं त्या जागीं कोण उभें असतें?

मग वाईट कोणीच नाहीं काय? आहे, आणि त्याला वाईट म्हणतांना आम्ही कचरणार नाहीं. 1936 मध्यें इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार होते. तीन कसोटी सामन्यांत, सहा डावांत मिळून त्यांनीं 33 धांवा केल्या. त्या 33 धांवांबद्दल आम्ही त्यांना दोष देत नाहीं. दोष देतों तो या गोष्टीचा कीं, पैसा आणि वशिला यांच्या बळावर त्यांनीं ती जागा मिळविली, आणि उत्तम खेळत असलेल्या लाला अमरनाथ यांना पहिल्या कसोटीपूर्वींच घरीं पाठविलें. त्याच्या चारच वर्षें आधीं, 1932 मध्यें, पोरबंदरचे महाराज असेच कर्णधार म्हणून गेले होते. त्यांची फलंदाजी तर नांवालाच होती. परंतु कसोटीचा दिवस आला तेव्हां ते आपण होऊन बाजूला झाले आणि त्यांनीं सी. के. नायडू यांना पुढें केलें. खेळाच्या दृष्टीनें दोघेही दुबळे. परंतु एकानें आपली पायरी ओळखली आणि दुसऱ्यानें दुसऱ्याची पायरी हिसकावून घेतली. निंदेला पात्र कोण हें ठरवायचें तर धांवा मोजून भागत नाहीं. ती जागा कशी मिळाली तें पाहावें लागतें. अशी यादी कोणीं करीत असेल तर आम्हीही दोन नांवें सुचवूं. परंतु ती यादी करायला अभ्यास लागतो, आणि क्वचित् धैर्यही लागतें. तीन सामने खेळलेल्या डोंबिवलीच्या मुलाला हंसायला दोहोंपैकीं कशाचीच गरज लागत नाहीं.

राहिला विनोदाचा मुद्दा. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि राम गणेश गडकरी यांच्या महाराष्ट्राला विनोदाचें वावडें असावें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु कोल्हटकरांचा सुदामा किंवा गडकऱ्यांचा बाळकराम घ्या. तो दुसऱ्यांची फजिती सांगतां सांगतां प्रथम स्वतःची फजिती करून घेतो, आणि म्हणूनच त्याला सर्वांना हंसण्याचा अधिकार प्राप्त होतो. आमच्या डब्यांतल्या हशांत असा एकही मनुष्य नव्हता कीं, ज्यानें आधीं स्वतःच्या आयुष्यांतल्या बळींची सरासरी जाहीर केली होती. ती जाहीर करायची ठरली तर आम्हां मंडळींची काय अवस्था होईल याची कल्पनाच केलेली बरी.

आणि आमच्या मतें खरा रोग येथें आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथला आमचा सुशिक्षित वर्ग कष्टाळू आहे, वाचक आहे, मुलांच्या शिक्षणासाठीं पोटाला चिमटा घेणारा आहे. परंतु हंसें होण्याची त्याला विलक्षण भीति आहे. घरांत मुलगा नापास झाला तर तो काय चुकला हें विचारण्यापूर्वीं आम्ही 'लोक काय म्हणतील' हें विचारतों. ही भीति मनांत दडपून ठेवायची, आणि ज्यानें धाडस करून चारचौघांच्या पुढें पाऊल टाकलें तो अडखळला कीं त्याच्यावर ती हंसून मोकळी करायची, असा हा व्यवहार आहे. त्याची किंमत यादींतल्या माणसाला फारशी मोजावी लागत नाहीं. नीलेश कुलकर्णी यांचें काय बिघडलें? खेळ संपल्यावर त्यांनीं क्रीडाव्यवस्थापन शिकविणारी संस्था उभी केली व नांव मिळविलें. किंमत मोजतो तो दाराशीं पिशवी घेऊन उभा असलेला मुलगा. देशाकडून खेळायला मिळणें हें भाग्य, असें त्याला आम्हींच शिकविलें. आणि खेळून अपयश आलें तर आपल्याच गांवची गाडी आपल्याला हंसेल, हेंही आम्हींच शिकविलें. यांतला दुसरा धडा त्याच्या मनांत खोल रुजला, तर तो शहाणा मुलगा ती पिशवी माळ्यावर टाकील आणि तुमच्या-आमच्यासारखा सुरक्षित होईल. सुरक्षित माणसें पहिल्या चेंडूवर बळी घेत नाहींत. त्यांच्या हातीं चेंडूच येत नाहीं.

टीका अवश्य करावी. चेंडू आंखूड पडला तर आंखूड म्हणावें, झेल सुटला तर सुटला म्हणावें, निवड पक्षपाती झाली तर निवड समितीला जाब विचारावा. ही टीका खेळाच्या हिताची आहे, कारण ती उद्यांच्या सामन्यासाठीं आहे. 'आजवरचा सर्वांत वाईट' या शेऱ्यानें मात्र कोणाचा झेल सुधारत नाहीं आणि कोणाचा चेंडू वळत नाहीं.

त्या दिवशीं आम्ही डब्यांत कांहींच बोललों नाहीं. तेवढें धैर्य आम्हांला वेळेवर सुचत नाहीं. दिवा गेलें, मुंब्र्याचा डोंगर मागें पडला, यादी संपून मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळली. ठाण्याला उतरतांना तो मुलगाही आमच्याबरोबर उतरला. तेव्हां आम्हीं त्याला म्हटलें, "त्या कुलकर्ण्यांनीं कसोटींतल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला होता, बरें का! त्यापूर्वीं कोणाही भारतीयाला तें जमलें नव्हतें."

"खरंच? आणि पुढं काय झालं, काका?"

"पुढें त्यांनीं त्या डावांत आणखी 419 चेंडू टाकले. बळी एकही मिळाला नाहीं."

मुलगा क्षणभर थांबला. "सगळे टाकले?" त्यानें विचारलें.

"सगळे टाकले," आम्हीं सांगितलें. त्यानें मान हलविली, पिशवी खांद्यावर नीट घेतली, आणि गर्दींतून वाट काढीत तो मैदानाकडे निघून गेला.